ठिपके माशावर, औषध टाकीला

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्यांचा बेळगावजवळच्या खानापुरात दोन फुटी टँक आहे. गोल्डफिश आणि मॉली मुंबईच्या कुर्ल्याहून रात्रीच्या बसने मागवले. विक्रेत्याने सांगितले म्हणून आल्या आल्या निळ्या औषधात अर्धा तास बाथ दिला आणि लगेच टँकमध्ये सोडले. पाच-सहा दिवसांत अंगावर पांढरे ठिपके आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मासे जाळीने काढून त्याच औषधात अर्धा तास ठेवतात. ठिपके जातात, परत येतात, आणि तीन मासे दगावले. आता औषध बदलू की बाथची वेळ वाढवू, असे विचारले आहे. शिवाय पुढच्या वेळी नवे मासे आले की कशाचा बाथ द्यावा, हेही.

औषध बदला, पण त्याआधी रोजचा बाथ बंद करा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे दुकानात ज्याला ‘इक’ म्हणतात तो, अर्ध्या तासाच्या बाथने बरा होत नाही. कोणतेही औषध घ्या, होत नाही.

याचे कारण त्या परजीवीच्या जगण्यात आहे. अंगावर दिसणारा ठिपका कातडीच्या वर चिकटलेला नसतो. परजीवी कातडीच्या पातळ थराखाली शिरून बसलेला असतो, आणि वरच्या पाण्यात घातलेले औषध तिथे पोचत नाही. पोट भरले की तो आपण होऊन बाहेर पडतो, तळाला खडीत, झाडाच्या पानावर, काचेवर कुठेही चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्ले होतात. कवचातही औषध शिरत नाही. मग कवच फुटून पिल्ले पाण्यात सुटतात आणि मासा शोधत पोहतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषधाला ती सापडतात तेवढ्याच काळात, पोहत असताना. 25-26 अंशांना हे सगळे चक्र साधारण चार ते सहा दिवसांत फिरते. पाणी 15-16 अंशांवर गेले की त्यालाच दहा दिवस ते दोन आठवडे लागतात.

आता तुमचा बाथ बघा की. मासा बादलीत आहे त्या अर्ध्या तासात त्याच्या अंगातल्या परजीवींना काही होत नाही, आणि टँकच्या तळाशी फुटणारी कवचे तर औषधापासून दूरच आहेत. ठिपके ‘गेले’ असे वाटते ते औषधामुळे नाही, त्यांची वेळ झाली म्हणून ते खाली उतरले. तीन दिवसांनी दिसतात ते नवे असतात, आणि संख्येने जास्त. वर रोजची जाळी, हाताळणी आणि पाण्याचा बदल. कातडी आधीच भोकाभोकांची झालेली असताना जाळीच्या घासण्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो, आणि तो थर हेच त्याचे पहिले संरक्षण. म्हणून या रोगात औषध टँकमध्येच घालायचे आणि चक्र पूर्ण होईपर्यंत ठेवायचे.

म्हणजे बाथ निरुपयोगी असे नव्हे. मी नव्या आणि आजारी माशांना बाथ देतोच. पण देण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: त्रास देणारा जीव माशाच्या बाहेरच्या बाजूला उघड्यावर बसला आहे का? कल्ल्यांवरच्या कृमी, कातडीवरचे ट्रायकोडायनासारखे सूक्ष्म परजीवी, जखमेवरची बुरशी, हे उघड्यावर असतात. बाथ त्यांना पोचतो. पोट फुगून खवले उभे राहिलेत, मासा उलटा तरंगतो आहे, खाऊनही आत आत वाळतो आहे, असल्या दुखण्यांत बाथचा उपयोग जवळपास शून्य. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे पाण्यात घातलेले औषध पोटातून आत जाईल ही आशाही सोडा. आतल्या दुखण्याचे औषध खाण्यातून द्यावे लागते.

आणि त्याही आधी पाणी तपासा. मासा कोपऱ्यात बसतो, पंख मिटून घेतो, वर येऊन तोंड मारतो, कल्ले भराभर हलवतो: या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या टँकमध्ये रोग नसतोच, माशांच्या घाणीतून साठलेले अमोनिया किंवा नायट्राइट हे विष असते. नवा टँक, फिल्टरमध्ये हे विष पचवणारे जिवाणू अजून बसलेले नाहीत, आणि मासे एकदम दहा-बारा सोडलेले. त्यात औषध घातले तर उरलेसुरले जिवाणू मरतात आणि पाणी आणखी बिघडते. अमोनिया-नायट्राइटची टेस्ट किट आता ऑनलाइन सहज मिळते. औषधाच्या पहिल्या बाटलीआधी ती घ्या.

आता मीठ. माझ्याकडे एकच औषध ठेवायची सक्ती झाली तर मी मीठ ठेवीन. माशाच्या अंगातल्या द्रवात लिटरला सुमारे 9 ग्रॅम क्षार असतात, बाहेरच्या गोड्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे पाणी सतत आत झिरपत असते आणि मासा ते मूत्रावाटे बाहेर टाकत राहतो. कातडी किंवा कल्ले जखमी झाले की झिरपणे वाढते आणि आजारी मासा याच कामात थकून मरतो. पाण्यात लिटरला 2-3 ग्रॅम मीठ असले की हा भार बराच कमी होतो. शिवाय मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आणि एवढ्याच मिठात इकची पोहणारी पिल्ले टिकाव धरत नाहीत. तीन कामे, आणि स्वयंपाकघरातली वस्तू.

मीठ जाडे, खड्यांचे घ्या. आयोडीनची भीती लोक उगाच घालतात, तेवढ्या आयोडीनने माशाला काही होत नाही. बारीक मिठात ते मोकळे राहावे म्हणून मिसळलेली पावडर मला नको असते, म्हणून जाडे. मोजताना चमचे नको, वजन करा. छोटा डिजिटल काटा घेतला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

मिठाचे तीन प्रकार मी वापरतो. लिटरला 2-3 ग्रॅम, दिवसेंदिवस, टँकमध्ये किंवा वेगळ्या टबात. लिटरला 10 ग्रॅम, दहा ते वीस मिनिटे, वेगळ्या बादलीत, जखमा आणि हलक्या परजीवींसाठी. आणि लिटरला 30 ग्रॅमची डुबकी, म्हणजे जवळपास समुद्राइतके खारे पाणी, फक्त दणकट माशांना आणि फार तर काही मिनिटे. या शेवटच्या प्रकारात घड्याळापेक्षा माशावर नजर ठेवा. तो आडवा पडू लागला की त्याच क्षणी काढा, मग मिनिट झालेले असो वा नसो. गोल्डफिश, कोई, मॉली, गप्पी यांना मीठ सोसते. कोरीडोरास, लोच आणि लहान टेट्रा यांना मी डुबकी कधीच देत नाही, आणि टँकमध्येही मीठ लिटरला 1 ग्रॅमच्या वर नेत नाही.

पोटॅशियम परमँगनेट विहिरीत टाकतात म्हणून घराघरात माहीत आहे, आणि तिथेच गडबड होते: लोक चिमटीने खडे टाकतात. चिमटीचा हिशेब माशाला चालत नाही. काट्यावर 1 ग्रॅम मोजा, 1 लिटर शुद्ध पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम औषध आहे. दहा लिटरच्या बादलीत 100 मिलिलिटर घातले की लिटरला 10 मिलिग्रॅम झाले. यात दणकट माशाला जास्तीत जास्त अर्धा तास. लांबच्या बाथसाठी लिटरला 2 मिलिग्रॅम, सुमारे चार तास. रंगावर लक्ष असू द्या. गुलाबी-जांभळा आहे तोवर औषध जिवंत आहे, चहासारखा तपकिरी झाला की संपले. पाच-दहा मिनिटांतच तपकिरी झाले तर पाण्यात घाण फार होती आणि औषध तिच्यावरच खर्च झाले. मासा दचकू-धापू लागला तर मेडिकलमधले 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे घाला, गुलाबी रंग डोळ्यांदेखत जातो. परमँगनेट आणि फॉर्मालिन (फॉर्मल्डिहाइडचे द्रावण) एकत्र कधीही नाही, एकाच दिवशीसुद्धा नाही.

फॉर्मालिनबद्दल माझे मत सरळ आहे: घरी ठेवू नका. काम उत्तम करते, पण ते पाण्यातला प्राणवायू खाते, ऊन पाण्यात जास्त विषारी होते, त्याच्या वाफा माणसाच्या फुप्फुसाला आणि डोळ्यांना वाईट, आणि ते कर्करोगकारक आहे. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते माशाला मारकच. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनीच आणि मोकळ्या हवेत वापरावे. मॅलाकाइट ग्रीन या हिरव्या औषधालाही मी जवळपास हेच म्हणेन. खाण्याच्या माशांत त्यावर बंदी आहे ती उगाच नाही.

तुमचे निळे औषध बहुधा मिथिलिन ब्लू. अंड्यांवरची बुरशी आणि नायट्राइटने गुदमरलेले मासे यासाठी ते चांगले. बाटलीवर 1 टक्का लिहिले असेल तर एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम आहे. वीस लिटरच्या टबाला 4 मिलिलिटर घातले की लिटरला 2 मिलिग्रॅम होते. मुख्य टँकमध्ये घालू नका, फिल्टरचे जिवाणू मरतात आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात. इकवर मात्र त्याचा भरवसा मी धरत नाही. दुकानात सगळे टँक निळे-पिवळे दिसतात त्याचे एक कारण असे की रंगीत पाण्यात ठिपके कमी दिसतात. आता हे सांगितल्यावर दोन-चार ओळखीचे रागावतील, रागावू देत.

कृमींसाठी प्राझिक्वांटेल. मासा खडीवर अंग घासतो, एकाच बाजूचा कल्ला मिटून ठेवतो, पण ठिपका दिसत नाही, तेव्हा कल्ल्यांच्या कृमींचा संशय घ्यावा. लिटरला 2 ते 5 मिलिग्रॅम, पाण्यात लांब मुदतीने. ते पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या पाण्यात खूप घुसळून घ्यावे लागते. काही जाती अंडी घालतात आणि अंड्यांना औषध लागत नाही, म्हणून आठवड्याने दुसरी खेप हवीच. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेलसोबत इतरही औषधे असतात. ती चुरून घालू नका.

आपल्या भागातल्या लोकांना मी आणखी एक विचारतो आणि उत्तराशिवाय डोस सांगत नाही: पाणी कुठले? बेळगाव शहरात राकसकोपचे किंवा हिडकलचे नळाचे पाणी येते, त्यात क्लोरीन असते आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे ब्लीचिंगचा वास जास्त येतो. बाथच्या बादलीतले पाणीही क्लोरीन काढलेलेच हवे, हे पुष्कळ जण विसरतात. टँकसाठी काढतात, बाथसाठी थेट नळाखाली बादली धरतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे लाल माती आणि धो धो पाऊस, तिथल्या विहिरींचे पाणी मऊ. निपाणी, चिकोडी, अथणीकडे काळी जमीन आणि बोअरचे जड पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोटीवर पांढरी पुटे चढतात. तोच डोस दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागतो. जड पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला बांधून टाकतो. चिकोडीत त्याचा बाथ देणे म्हणजे औषध गटारात ओतणे. परमँगनेटही अल्कधर्मी पाण्यात लवकर साका होऊन कल्ल्यांवर बसते. उलट मऊ पाण्यात तांबे भयंकर होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद, म्हणजे तांब्याचेच निळे खडे, शेतकऱ्याच्या घरी असतेच आणि ‘शेवाळ जाते, गोगलगायी जातात’ म्हणून कुणीतरी त्याचा खडा टँकमध्ये टाकायला सांगतो. खानापूरच्या पाण्यात तर अजिबात नको.

अँटिबायोटिकचा विषय निघाला आहे म्हणून एवढेच. गप्पीच्या तोंडाला कापूस लागल्यासारखे दिसते ते बहुतेक वेळा बुरशी नसून जिवाणू असतात, आणि ते ऊन पाण्यात झपाट्याने वाढतात. अशा वेळी हीटर वाढवणे म्हणजे आगीत तेल. मेडिकलमधून कॅप्सूल आणून अर्धी-अर्धी टँकमध्ये फोडणे बंद करा. अर्धवट डोसने जिवाणू निगरगट्ट होतात आणि फिल्टर मरतो तो वेगळाच. पशुवैद्यकाला फोटो दाखवा, पाण्याचे आकडे सांगा, मग ठरवा. हळदीचा लेप, लसणाचे पाणी याने मी मासा वाचलेला पाहिलेला नाही. देशी बदामाची (टर्मिनालिया कटाप्पा) वाळलेली पाने तेवढी टाका, फायटर माशाला ती मानवतात, पण तेही औषध म्हणून नव्हे.

आता नवे मासे. कुर्ल्याहून निघालेली पिशवी बेळगावात येईपर्यंत बंद होऊन दहा-बारा तास तरी झालेले असतात, चेन्नईच्या कोळत्तूरहून आलेली असेल तर त्याहून जास्त. आत माशांचा अमोनिया साठतो. त्याचबरोबर श्वासातला कार्बन डायऑक्साइडही साठतो आणि त्याने पाणी आम्लधर्मी होते. आम्ल पाण्यात अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत विष होतो. म्हणून ‘पिशवी उघडून तासभर हळूहळू टँकचे पाणी मिसळा’ हा सल्ला शेजारच्या दुकानातून आणलेल्या माशाला ठीक, रात्रभर प्रवास केलेल्याला घातक. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टबात तरंगू द्या, तापमान सारखे होऊ द्या, मग पिशवी फोडून मासे लगेच उचला आणि टबात सोडा. पिशवीतले पाणी मोरीत.

टब म्हणजे वेगळा टब. वीस लिटर पाण्याचा जार रिकामा करून मोजला की किती लिटर झाले ते कळते, अंदाज नको. एअर पंप, साधा स्पंज फिल्टर, लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा, वर झाकण. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी तुम्हाला सांगायला नको. टबात हीटर हवाच, कारण मुंबईच्या उबेतून आलेला मासा एका रात्रीत गार पडला की इक डोके वर काढतोच.

आणि आल्या आल्या औषधाचा बाथ द्यायचा का? मी देत नाही. प्रवासाने कल्ले भाजलेले असतात, मासा दमलेला असतो. त्यावर परमँगनेट म्हणजे त्याच कल्ल्यांवर आणखी घाव. पहिले दोन दिवस अंधार, हवा आणि लिटरला 2 ग्रॅम मीठ (सोसणाऱ्या जातींना). पहिल्या दिवशी खाणे नाही. तिसऱ्या दिवसापासून नीट बघायचे: खातो का, घासतो का, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आहे का. लक्षण दिसले तर त्या लक्षणाचा बाथ. नाही दिसले तर तीन ते चार आठवडे नुसते टबात ठेवायचे. ‘सावधगिरी म्हणून’ तीन औषधे एकामागून एक देण्याची पद्धत मोठ्या व्यापाऱ्याला परवडते, कारण त्याच्या हिशेबात मर धरलेलीच असते.

बाथ द्यायची वेळ आलीच तर तयारी अशी. दोन बादल्या शेजारी शेजारी, एकीत औषध, दुसरीत नुसते स्वच्छ पाणी, दोन्हींचे तापमान टँकइतकेच, दोन्हींत हवा. औषध आधी तांब्यात विरघळवून मगच बादलीत घालून ढवळा. खडा तसाच तळाला राहिला आणि माशाने तोंडात घेतला तर खेळ खलास. आदल्या दिवशी उपाशी. एकदम सगळे मासे घालू नका, आधी एक घाला आणि बाथची पूर्ण वेळ त्याच्याजवळ बसा. टीव्ही बघत बाथ होत नाही. त्या माशाला रात्र काढू द्या, मग बाकीचे. वापरलेले पाणी पुन्हा दुसऱ्या माशांना नको, आणि ते शेततळ्यात किंवा विहिरीच्या कडेलाही ओतू नका.

आता तुमच्या टँकचे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, पाणी एक फूट: इंचांचा गुणाकार 3456, भागिले 61 (एका लिटरात सुमारे 61 घन इंच), म्हणजे 56 लिटरच्या वर, खडी वजा करून 50 धरा. लिटरला 3 ग्रॅमने 150 ग्रॅम जाडे मीठ. आज सकाळी 50, संध्याकाळी 50, उद्या सकाळी 50, दर वेळी टँकचेच पाणी तांब्यात घेऊन विरघळवून. जिवंत झाडे असतील तर आधी काढून माशांशिवायच्या बादलीत ठेवा. उबदार जागी आठवडा पुरतो, थंडीत तीन-चार आठवडे. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आत्ता राहू द्या, मिठाला तो अडवत नाही. पुढे दुसरे औषध घालायचे झाले तर मात्र काढा. हीटर लावून पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश करत 27 पर्यंत न्या आणि हवेचा दगड जोरात चालू ठेवा, उन्हाळलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. एक दिवसाआड तळाची खडी नळीने ओढून दहा-पंधरा लिटर पाणी काढा, कवचे तिथेच असतात. जितके लिटर नवे घालाल तितक्यांचेच मीठ परत घाला. पाणी आटले म्हणून भर घालताना मीठ घालायचे नाही, मीठ उडून जात नाही.

पहिल्या तीन-चार दिवसांत ठिपके वाढलेलेही दिसतील. घाबरून औषध बदलू नका, ते आधीच कातडीखाली होते. 27 अंश टिकले तर शेवटचा ठिपका गेल्यानंतर आणखी एक आठवडा मीठ ठेवा. वीज जाऊन पाणी रात्री गार होत असेल तर आठवड्याऐवजी पंधरा दिवस धरा. मग पाणी बदलत बदलत मीठ कमी होईलच. रोजच्या बाथची जाळी आणि बादली पूर्ण वाळवून ठेवा. नवे मासे आणायचे असतील तर आधी तो वेगळा टब भरून, पंप लावून, मगच बसवाल्याला फोन करा.